कृश देह आणि मधुमेह

आपल्या भिवंडींत मधुमेहाचें नांव निघालें कीं पुष्कळांच्या डोळ्यांपुढें गादीवर बसलेला स्थूल शेठ उभा राहतो. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या काडीसारख्या कामगारास कोणी सावध केलें, तर तो हंसून म्हणतो, "मला कुठली साखर! अंगावर मांस तरी आहे काय?" ह्या उत्तरांतच धोका आहे, असें माझें मत आहे.

प्रथम देहाची व्यवस्था पाहूं. प्रौढ मनुष्याच्या अंगांत सुमारें पांच लिटर रक्त असतें. निरोगी माणसाच्या त्या सर्व रक्तांत उपाशीपोटीं साखर असते ती अवघी चहाच्या चमचाभर. जेवणानंतर ती वाढूं लागली कीं स्वादुपिंड इन्शुलिन नांवाचा रस रक्तांत सोडतें. त्याच्या योगानें स्नायू साखर आंत घेतात व यकृत तिचा सांठा करितें. उपवास पडला म्हणजे त्याच पिंडांतून ग्लुकागॉन सुटतें आणि यकृत आपलें कोठार उघडतें. इन्शुलिन अपुरें पडलें, किंवा स्नायू त्यास दाद देईनासे झाले, म्हणजे साखर रक्तांतच तुंबते.

तेव्हां ज्याचे स्नायूच थोडे, त्याचें कोठार लहान. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ सालीं जवळच्या सहा खेड्यांतील मातांचा अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचें वजन सरासरीनें २.७ किलो, तर इंग्लंडांतील बालकांचें ३.५ किलो भरलें. परंतु आपल्या बालकांत उणीव होती ती विशेषतः स्नायूंची; चरबी त्या मानानें टिकून होती. पुढें २००४ सालीं 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रांत डॉ. याज्ञिक व लंडनचे डॉ. युडकिन यांनीं स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानानें दोघांचें वजन सारखेंच. पण युडकिनांच्या अंगांत चरबी शेंकडा ९.१, तर याज्ञिकांच्या अंगांत २१.२! तराजूवर भिस्त ठेवणारांनीं हे आंकडे पाहावेत.

म्हणून कृश कामगारानेंही तिशीनंतर उपाशीपोटीं रक्त तपासून घ्यावें. शंभर मिलिलिटरांत १२६ मिलिग्रॅम किंवा अधिक साखर दोनदां आढळली कीं मधुमेह ठरतो. थकवा व तहान यांचा दोष मागाच्या खोलींतील उष्म्यावर टाकून वर्षें घालवूं नयेत. तेवढ्या अवधींत डोळे, मूत्रपिंडें व पायांच्या शिरा मुकाट्यानें झिजतात.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. स्नायूंची ही उणीव मातेच्या उदरांतच सुरू होते, आणि आपल्या घरांत तर मुली व गरोदर सुना सर्वांमागून उरलेलें जेवतात. डाळ, दूध, पालेभाजी त्यांच्या पानांत पोंचेपर्यंत पातेलें रिकामें झालेलें असतें. यंदांच्या पालकसभेंत हा विषय काढावा, असा माझा विचार आहे. कांहीं वडिलांस तो रुचणार नाहीं.