तुमच्या वाटचं मी शिंपलं

येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली की आमच्या हुमनाबादेत भरदुपारी गल्ल्या ओस पडतात. इकडे बिदर-कलबुर्गी, तिकडे लातूर-धाराशिव, सगळा सीमाभाग त्या दिवशी रानात असतो. कडब्याची कोप, आत चुना लावलेल्या दगडांचे पाच पांडव, आंबिलीचं मडकं, भज्जी, उंडे. सांज झाली की पिकात आंबील शिंपडत शेताला फेरी घालायची, त्याला आम्ही चर शिंपणं म्हणतो.

तीन वर्षांमागे त्या दिवशी मी कलबुर्गीत कार्यालयात होतो. रजेचा अर्ज लिहून खिशात ठेवलेला, साहेबांपुढे काढलाच नाही. बढती तोंडावर आली होती.

रात्री घरी आलो तर लेकीनं पेलाभर आंबील ठेवलेली, वर ताटली झाकून. आंबून पार कडक झाली होती. ती म्हणाली, "पप्पा, तुमच्या वाटचं मी शिंपलं."

बायको माझी शिक्षिका. त्या दिवशी पहाटे तीनला उठून तिनं भज्जी शिजवली, उंडे वळले, सासऱ्यांना घेऊन रान गाठलं. दुसऱ्या दिवशी शाळेत वेळेवर हजर. 29 ऑक्टोबर 2017 ला बिदर-कलबुर्गी रेल्वे सुरू झाली, तेव्हा आता घर आणि नोकरी दोन्ही जमेल म्हणून मी पेढे वाटले होते. जमलं, पण तिच्या जिवावर. कर्नाटक सरकारनं 2021 मध्ये महिला कर्मचाऱ्यांना 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली. चांगलंच केलं. पण मूल सांभाळणं हे आईचंच काम, हा समज आमच्यासारख्या बापांच्या डोक्यातून काढायला रजेचा कागद पुरत नाही.

इथून जवळच बसवकल्याण. बाराव्या शतकात तिथं आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे शरण जोडपं राहायचं. आयदक्की म्हणजे वेचलेले तांदूळ. सांडलेले दाणे वेचून त्यांचा संसार चाले. एके दिवशी मारय्यानं रोजच्याहून जास्त तांदूळ आणले. लक्कम्मानं ते परत टाकून यायला लावले. कायक, म्हणजे काम हीच पूजा मानणाऱ्या त्या घरात, पुरे कुठं म्हणायचं हे चूल पेटवणारीनं ठरवलं. लहानपणापासून ऐकलेली ही कथा, पण त्या रात्री पेला हातात धरून बसलो तेव्हा ती मला पहिल्यांदा लागली. मी घरात जास्तीचं काय आणत होतो, आणि ते हवं का, हे बायकोला कधी विचारलंच नव्हतं.

मग विचारलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पगार पुरतो की. तुम्ही पुरत नाही."

यंदा अर्ज पंधरा दिवस आधीच दिलाय. भज्जीचे वाटाणे मी सोलणार आहे. लेकीचं एकच म्हणणं आहे, चर शिंपताना मडकं तिच्याकडे राहील, मी मागून चालायचं.