सणासुदीला गोधड्या धुतात, शिवत नाहीत

दरवर्षी गणपती उठले की एक मेसेज यायला लागतो. 'अरे, तू गोधड्या शिवतोस ना? दिवाळीपर्यंत एक होईल का? गिफ्ट द्यायचीय. हँडमेड असलं की भारी वाटतं.' शेवटी हात जोडलेला इमोजी.

होणार नाही. आणि झालीच, तर ती मी शिवलेली नसेल. हे वाक्य मला २०२४च्या दिवाळीत समजलं, आणि त्याची किंमत मी नाही, माझ्या आईने दिली. म्हणून हा लेख 'दिवाळीच्या आत हाताने शिवलेली गोधडी' या मागणीविरुद्ध आहे. अशी मागणी करणाऱ्यांविरुद्ध आहे, आणि ती हसत हसत घेणाऱ्या माझ्यासारख्यांविरुद्ध तर जास्तच.

आधी हिशेब मांडतो. मी कोड लिहून पोट भरतो, त्यामुळे भावनेच्या आधी आकडे येतात.

सहा फूट बाय चार फुटांची साधी एकेरी गोधडी घ्या. म्हणजे ढोबळमानाने १८० बाय १२० सेंटीमीटर. आमच्याकडे कडेपासून सुरुवात करून आत आत जात चौकोनी फेऱ्यांनी धावदोरा घालतात. दोन ओळींत दीड सेंटीमीटर अंतर धरलं, तर एका गोधडीवर १४४ मीटर शिलाई होते. सेंटीमीटरला एक टाका, म्हणजे १४,४०० टाके. चार-पाच थरांच्या जुन्या सुती कपड्यातून सुई काढायची असते. मी स्टॉपवॉच लावून पाहिलं : मला एका मीटरला वीस मिनिटं लागतात. म्हणजे नुसत्या टाक्यांचे ४८ तास. कपडे धुणं, फाडून सारखे करणं, थर अंथरणं, कच्चा टाका घालणं, कडा दुमडणं याचे आणखी आठ. एक गोधडी, ५६ तास.

त्या वर्षी मी चार गोधड्या कबूल केल्या होत्या. एक ताईला भाऊबीजेची. एक मित्राच्या लग्नाची, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त होता. एक ऑफिसातल्या सिनियरच्या आईसाठी. आणि चौथी, इन्स्टावर फोटो बघून एका ओळखीच्या माणसाने सांगितलेली, पैसे देऊन. ७ सप्टेंबरला गणपती बसले, १ नोव्हेंबरला लक्ष्मीपूजन. ५५ दिवस. रोज दोन तास प्रामाणिकपणे बसलो तरी ११० तास. चार गोधड्यांना हवेत २२४. पाचवीतल्या मुलालाही ही वजाबाकी जमेल. मी केली नाही, कारण 'मॅनेज करू' हा आपल्या पिढीचा राष्ट्रीय मंत्र आहे.

वर मी चारही एकदम सुरू केल्या. का? कारण चार गाठोडी उघडी दिसली की चार कामं चालू आहेत असं वाटतं. प्रत्येकाला 'हो, तुझी सुरू केलीय' असं खरं खरं सांगता येतं. प्रत्येकीचा वेगळा फोटो टाकता येतो. ऑफिसच्या बोर्डावर सगळी तिकिटं 'इन प्रोग्रेस'च्या रकान्यात सरकवून ठेवतो ना आपण, तसंच.

रांगांच्या गणितात एक साधा नियम आहे. जॉन लिटल यांनी १९६१ साली त्याची सिद्धता दिली, म्हणून त्याला लिटलचा नियम म्हणतात. कामं उरकायचा वेग तोच राहिला, तर हातात जितकी जास्त कामं धराल, तितकं प्रत्येक काम जास्त वेळ अडकून राहतं. टोयोटाच्या कारखान्यातून आलेल्या कानबानमध्ये म्हणूनच एका वेळी हातात किती कामं असावीत यावर मर्यादा घालतात. मी ऑफिसात हे ज्युनियर मुलांना समजावून सांगतो. घरी येऊन चार गाठोडी सोडतो.

एकामागून एक शिवल्या असत्या, तर पहिली अठ्ठाविसाव्या दिवशी पूर्ण झाली असती. दुसरी दिवाळीला टेकली असती. दोन माणसांना वेळेत गोधडी, दोघांना वेळेत नकार. त्याऐवजी दसऱ्याला, म्हणजे पस्तिसाव्या दिवशी, माझ्याकडे चार गोधड्या होत्या आणि प्रत्येकीच्या कडेने फक्त पाच ओळी. एकही पांघरता येईल अशी नाही. शिवाय रोज कोणतं गाठोडं काढायचं, कुठला दोरा कशाचा, काल कुठल्या कोपऱ्यात सुई टोचून ठेवली होती, यात दहा-पंधरा मिनिटं जायची ती वेगळी.

दसऱ्याला गावी गेलो, साताऱ्याजवळ. सोबत दोन गाठोडी घेतली, म्हटलं गाडीत बसून चार ओळी होतील. आईने गाठोडं सोडून पाहिलं. 'एवढंच झालंय व्हय? आन द्यायच्यात कवा?' मी तारीख सांगितली. ती म्हणाली, 'ठेव हितं.'

मी ठेवली. इथे मी 'नको आई' म्हटलं असं लिहायला मला आवडलं असतं.

आईचा हात माझ्या दुप्पट वेगाचा. मीटरला दहा मिनिटं. दोन्ही गोधड्यांचं उरलेलं काम तिला अडतीस-एकोणचाळीस तासांचं होतं. ते तिने कधी केलं? रानात सोयाबीनची काढणी चालू होती. घरात माळे काढून झाडलोट चालू होती. मग फराळ. हे सगळं आटोपल्यावर रात्री, ट्यूबलाइटखाली. अंगुस्तान ती कधीच वापरत नाही, बोटाला सुई कळत नाही म्हणते. दिवाळीत चिवडा कालवताना तिने हात झटकला आणि नळाखाली धरला. सुईने चिरलेल्या बोटांना तिखट-मीठ झोंबत होतं.

तिसरी मी पुरी केली. चौथी राहिली, मित्राला लग्नात पाकीट दिलं. मग मी तीन गोधड्यांचा फोटो टाकला. 'तुझ्या हातात जादू आहे', 'ग्रीन फ्लॅग', 'असा मुलगा पाहिजे'. तिघांपैकी दोघांच्या अंगावर माझ्या आईचे टाके आहेत, हे मी कुठेच लिहिलं नाही. माझी आई चाळीस वर्षं गोधड्या शिवतेय, तिला आजवर कुणी 'ग्रीन फ्लॅग' म्हटलेलं नाही. पुरुषाने सुई धरली की ती कला होते, बाईने धरली की रिकामा वेळ. या भेदाचा फायदा मी दोन्ही हातांनी घेतला.

म्हणून माझं पहिलं म्हणणं असं : सणाच्या मुदतीत न बसणारं हाताचं काम जेव्हा 'बसतं', तेव्हा ते कुणाच्या तरी झोपेत बसलेलं असतं. आणि आपल्याकडे ती झोप जवळजवळ नेहमी एखाद्या बाईची असते.

दुसरं म्हणणं. ही मुदत आपल्या परंपरेतलीही नाही. 'दिवाळी, आजीची माया, गोधडीची ऊब' असं जे पॅकेज आपल्याला विकलं जातं, ते गोधडीच्या खऱ्या कॅलेंडरच्या बरोबर उलटं आहे. गोधडी, किंवा आमच्या भागात म्हणतात ती वाकळ, ही उन्हाळ्याची गोष्ट. ज्वारी-गहू घरात आलेला, रानातलं काम थंडावलेलं, चैत्र-वैशाखाच्या लांब दुपारी. वाळवणं घालायची त्याच दिवसांत जुनी लुगडी, धोतरं धुऊन कडक उन्हात वाळवायची, पडवीत अंथरायची आणि चौघीजणींनी चार कडांना बसायचं. पावसाच्या आत वाकळ तयार. पांघरायची गरज तेव्हाच लागते. म्हणजे मुदत होती, नाही असं नाही. पण ती आभाळाची होती, आणि चार कडांना चार बाया होत्या. एका कडेला एक बाई आणि दुसऱ्या टोकाला व्हॉट्सॲपवर वाट बघणारं गिऱ्हाईक, असं नव्हतं.

मग सणाला गोधडीचं काय करायचे? धुवायचे. घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण ओढ्यावर, नदीवर, विहिरीवर न्यायचं आणि आपटून धुवायचं. ज्यांनी लहानपणी ते पाहिलंय त्यांना भिजलेल्या गोधडीचं वजन माहीत आहे. सणाचं तेवढं काम बायकांना पुरेसं होतं. त्यात शिवण्याचं काम घुसवलं ते बाजाराने आणि 'सस्टेनेबल गिफ्टिंग'वाल्या आपण शहरी पोरांनी.

तिसरं म्हणणं पैशाचं. आईच्या वेगाने धरलं तरी एक गोधडी साधारण ३२ तासांची. म्हणजे आठ तासांचे चार दिवस. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२४-२५ला दिवसाची मजुरी २९७ रुपये होती. त्या दराने चार दिवसांचे ११८८. हे झाले अकुशल कामाचे पैसे. दोरा, अस्तर, वरचं नवीन कापड, चाळीस वर्षांचा हात, यातलं काहीही न धरता. माझ्या त्या चौथ्या गिऱ्हाइकाने मला आठशे रुपये सांगितले होते, आणि वर म्हणाला होता, 'जुन्या साड्यांचीच तर असते.' हाच माणूस एका रात्रीच्या जेवणाचं बिल एवढं सहज करतो. मी हो म्हटलं होतं, कारण मला पैशाची गरज नव्हती. माझ्यासारखे हौशी लोक असे 'हो' म्हणत सुटतात आणि ज्या बाईला खरंच पैशाची गरज आहे तिचा दर पाडून ठेवतात.

आता तुमचे आक्षेप.

'अरे, पण दिवाळीच्या ऑर्डरींवर कितीतरी बायकांचा संसार चालतो.' खरं आहे. मग ऑर्डर द्याच, पण चैत्रात द्या. निम्मे पैसे आधी द्या आणि तारीख शिवणारीला सांगू द्या. सप्टेंबरच्या शेवटी जागं होऊन मुदत तुम्ही ठरवायची, दरही तुम्हीच ठरवायचा, आणि त्याला स्त्री-सक्षमीकरण म्हणायचं, हे चालणार नाही.

'मशीनवर शिव की.' मशीनवर शिवलेली गोधडीही चांगली असते, टिकते, ऊब देते. तिच्याविषयी माझी काही तक्रार नाही. पण मग तिला मशीनची म्हणा, आणि मशीनवर वाकलेल्या पाठीचेही पैसे द्या.

'एकच एक शिवत बसलं की कंटाळा येतो. दोन-चार चालू असल्या की मन रमतं.' हा आक्षेप मला पटतो. माझ्याकडेही आता दोन असतात : एक सुईखाली, दुसरीचे कपडे धुऊन, निवडून ठेवलेले. टाक्यांनी मान अवघडली की तुकडे जुळवत बसतो. पण त्यातली एकच कुणाला तरी कबूल केलेली असते. छंद चार असोत, शब्द एकच द्यावा.

'एवढं काय, प्रेमाने करतात रे आया.' करतात. म्हणूनच तर मागताना लाज वाटायला हवी. प्रेम हे कुणाच्या मोकळ्या तासांचं मोजमाप नाही. आईने 'ठेव हितं' म्हटलं ते प्रेमानेच. पण मी तिथे ठेवली, ती सोयीने.

अंथरूण पाहून पाय पसरावेत, असं आपल्याकडे म्हणतात. मी तर अंथरूण शिवायला बसलो होतो, आणि पाय आईच्या अंथरुणावर पसरले.

ती राहिलेली चौथी गोधडी मी पुढच्या उन्हाळ्यात पुरी केली. मे महिन्यात गावी, पडवीत बसून. एका कडेला मी, समोरच्या कडेला आई. या वेळी तिला मी आधी विचारलं होतं. दुपारी चहा झाला की बसायचो, उन्हं कलली की उठायचो. मित्राला कुरिअरने पाठवली, सोबत चिठ्ठी लिहिली : अर्धी माझी, अर्धी आईची. आईला आधी फोन कर, मग मला.

त्याने केला. दोघं वीस मिनिटं बोलले. काय बोलले ते आईने मला सांगितलं नाही, फक्त म्हणाली, 'चांगला हाय पोरगा. पुढची कुणाची शिवायची?'

तर यंदाही गणपती उठतील आणि मेसेज येतील. माझं उत्तर टाइप करून ठेवलेलं आहे : जुन्या साड्या धुऊन ठेव, आणि चैत्रात सांग.