‘तिकडे काही नाही’ म्हणणाऱ्यांशी भांडण

माझं आजोळ कन्नड तालुक्यातलं. पुण्यातल्या ऑफिसात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला : ‘म्हणजे वेरूळच्या पुढे? तिकडे काय आहे?’ छत्रपती संभाजीनगरातले माझे मित्रही वेगळं बोलत नाहीत. आणि पावसाळा लागला की हीच मंडळी पितळखोऱ्याचं रील टाकतात. खाली कॅप्शन : ‘अनएक्स्प्लोअर्ड’.

माझं भांडण या शब्दाशी आहे.

पितळखोऱ्याची लेणी इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकात कोरायला लागले, वेरूळच्या कैलासाच्या कितीतरी आधी. तिथल्या ब्राह्मी लेखांत पैठणचा सुगंधी द्रव्यांचा व्यापारी आहे, राजवैद्य मगिलाचं कुटुंब आहे. एका यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास सोनाराचं नाव आहे. मूर्ती आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात. आणि तो पाच फण्यांचा नाग! खडकात मागून पन्हळ काढलेली, फण्यांना भोकं, म्हणजे पाणी थेट नागाच्या तोंडून पडणार. मी इंजिनिअर, मला मूर्तीपेक्षा ही पन्हळच बघत बसावंसं वाटतं. पैठणहून डोंगर उतरून खानदेशात जाणाऱ्या वाटेजवळचं हे ठिकाण. दान द्यायला पैठणचे लोक इथवर येत होते, ते काही ‘ऑफबीट’ म्हणून नाही.

पुढे अंतूरचा किल्ला. त्याच्या वाटेवर निजामशाही काळातला दगडी खांब आहे, कुठला रस्ता कुठे जातो हे फारसीत सांगणारा. जिथून कोणी जात नाही तिथे पाट्या कोण लावतं?

मग इंग्रज आले. १८२५ मध्ये खानदेशात भिल्ल पलटण उभी राहिली, जेम्स औट्रम तिचा अधिकारी. डोंगरातले भिल्ल कागदोपत्री लुटारू ठरले आणि घाटाला नाव मिळालं औट्रमचं. आजही गौताळा औट्रमघाट अभयारण्य म्हणतो आपण. ते १९८६ साली झालं, सुमारे २६० चौरस किलोमीटर. जंगल राहिलं याचा मला आनंदच आहे. पण नकाशावर हिरवा डाग दिसला की आपण तिथली माणसं वजा करून टाकतो. मग गुरं कुठे चरायची, रस्ता कुठून न्यायचा, हे त्यांना न विचारता ठरवणंही सोपं होतं.

आमच्या धंद्यात नवशिक्याला पहिल्या महिन्यात सांगतात, ‘नल’ म्हणजे शून्य नव्हे. रकाना भरलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. कन्नड-सोयगावचा रकाना आपण कधी भरलाच नाही.

मागच्या पावसाळ्यात एका मित्राला घेऊन गेलो होतो. वाटेत मक्याची कणसं भाजणाऱ्या काकांना त्याने विचारलं, ‘इथे कोणी राहतं का हो?’

काका स्वतःच्या घराच्या ओट्यावर बसले होते.