तोफेचा हिशेब आणि कोयत्याचा

अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात ‘तोफा की लोणी’ हे उदाहरण हमखास येते. पॉल सॅम्युएल्सन यांच्या १९४८ सालच्या पाठ्यपुस्तकाने ते विद्यार्थ्यांच्या पिढ्यान् पिढ्यांना परिचित करून दिले. साधनसामग्री मर्यादित आहे, तेव्हा तोफा अधिक ओतल्या तर लोणी कमी निघणार, हा त्यातील सरळ सिद्धान्त. मात्र या उदाहरणात लोणी खाणाऱ्याचा विचार होतो. लोणी काढणाऱ्याच्या हातात कोणते साधन आहे, ते त्याला कोणी दिले, याचा होत नाही. मराठीत ‘हत्यार’ हा शब्द सैनिकाच्या बंदुकीलाही लागतो आणि श्रमिकाच्या कोयत्यालाही. राष्ट्राच्या जमाखर्चात मात्र यांपैकी एकाच हत्याराची नोंद सापडते.

पहिल्या हत्याराची नोंद अशी : २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. एकूण खर्चाच्या सुमारे १३ टक्के असलेल्या या रकमेत निवृत्तिवेतनेही येतात आणि नवी सामग्रीही. दर दिवसाला हा खर्च १,८६० कोटींच्या वर जातो. एखादी तोफ घ्यायची तर तिच्या चाचण्या होतात, तज्ज्ञांच्या समित्या बसतात, महालेखापाल तपासणी करतात. तसे होणे योग्यच आहे.

आता दुसरे हत्यार. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या भागांतून लाखो ऊसतोड कामगार बिऱ्हाड पाठीवर घेऊन साखरपट्ट्याकडे निघतात. त्यांच्या व्यवसायात नवराबायको मिळून ‘एक कोयता’ होतो. एकटा माणूस म्हणजे ‘अर्धा कोयता’. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, हिशेब लिहितो तो कोयत्याच्या नावे. माणसाची ओळख हत्यारात विरघळून गेली, आणि ते हत्यारही बहुधा त्याने पदरमोड करूनच आणलेले असते. कोयता लोहाराकडून, धार लावायची कानसही स्वतःच्याच पैशाने. तोफेच्या गोळ्याचा खर्च सैनिकाच्या पगारातून कापावा, असे कोणी सुचवले तर देश हसेल. उसाच्या फडात तीच गोष्ट रीत म्हणून चालते.

या रीतीची किंमत बाईला सर्वांत अधिक मोजावी लागते. पहाटे अंधारात उठून कोपीतला स्वयंपाक, मग तोड, मोळ्या बांधणे, डोक्यावर वाहून त्या वाहनात भरणे. आणि एवढे करून मजुरी जमा होते ती जोडप्याच्या, म्हणजे व्यवहारात नवऱ्याच्या खात्यावर. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ म्हणून दंड. मासिक पाळीचे दिवसही त्यातून सुटत नाहीत. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे २०१९ साली आलेल्या माहितीनुसार बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढली गेली होती. म्हणजे सहांत एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांमध्ये हेच प्रमाण सुमारे ३ टक्के होते. या अंतरामागे खासगी शस्त्रक्रियांचा बाजार आहे, अज्ञान आहे, तसाच खाड्याचा धाकही आहे.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की सीमेवर शत्रू असताना असला हिशेब मांडणे भाबडेपणाचे आहे. १९६२ चा धडा विसरता येत नाही, आणि २०२५ च्या मे महिन्यातील संघर्षही ताजाच आहे, संरक्षण हवेच. परंतु येथे मागणी तोफा वितळवून कोयते घडविण्याची नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : संरक्षण केंद्राच्या तिजोरीतून चालते, ऊसतोड कामगार हा राज्याचा आणि कारखान्यांचा विषय, दोन वेगळ्या वह्यांची बेरीज-वजाबाकी कशी करायची? हे खरेच आहे. तोफेतून वाचलेला रुपया आपोआप फडात पोहोचत नाही. तरीही दोन रकमा शेजारी ठेवल्याने निदान एवढे कळते, की अडचण पैशाच्या टंचाईची आहे की इच्छेच्या.

तो पडताळा घेऊन पाहावा. ऊसतोड कामगारांसाठी राज्यात कल्याण महामंडळ आहे. गाळलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्यांनी १० रुपये द्यावेत व तितकेच शासनाने घालावेत, अशी त्याच्या निधीची योजना. वर्षाला १० कोटी टन गाळप धरले, तर निधी होतो २०० कोटी. संरक्षणावर देश एवढी रक्कम तीन तासांहून कमी वेळात खर्च करतो. राज्यातील सर्व कामगारांचा अपघात विमा, दवाखाने, मुलांची हंगामी वसतिगृहे यांसाठी उभा राहायचा तो वर्षाचा निधी एवढाच, आणि त्यासाठीही कामगार संघटनांना वर्षानुवर्षे झगडावे लागले.

म्हणून मागण्या साध्या आहेत. कोयता, कानस, हातमोजे आणि बूट ही उत्पादनाची साधने होत. ती कारखान्याने पुरवावीत आणि त्यांचा खर्च साखरेच्या उत्पादनखर्चात धरावा. ‘अर्धा कोयता’ हा शब्द वहीतून जावा. प्रत्येक स्त्रीची नोंद तिच्या नावाने व्हावी, मजुरी तिच्या खात्यात पडावी. खाड्याचा दंड कायद्याने गुन्हा ठरावा. महामंडळाचा जमाखर्च दरवर्षी विधिमंडळापुढे यावा आणि त्यावर चर्चा व्हावी.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ मिळाली, तीही संपाचा इशारा दिल्यावर. दरवाढ मिळाली तरी हत्यार मजुराचे आणि दंडही मजुराचाच, ही व्यवस्था तशीच राहिली. सीमेवर उभ्या असलेल्या जवानांत कित्येक जण याच दुष्काळी गावांतले आहेत. मुलाच्या हातातील बंदुकीचा खर्च राष्ट्र करते; त्याच्या आईच्या हातातील कोयत्याचा खर्च कोणी करायचा, याचे उत्तर साखर कारखानदारांनी आणि शासनाने पुढचा हंगाम सुरू होण्यापूर्वी द्यावे.