चौकट, चित्रओळ आणि उचल

दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यात दोन प्रकारची माणसे घराबाहेर पडतात: एक ऊसतोड मजूर आणि दुसरे त्यांची छायाचित्रे घेणारे हौशी छायाचित्रकार. विधान तिरकस वाटेल; पण जिल्ह्यातील अशा मंडळींचे संग्रह पाहिले, की त्याची साक्ष पटते. पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा, श्रावणात पाण्यात प्रतिबिंबित झालेले बीडचे कंकालेश्वर मंदिर, नायगावचे मोर, अंबाजोगाईचा हत्तीखाना. आणि मग ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर रचलेला संसार, त्यावर बसलेली बाई, कडेवर मूल, मागे मावळता सूर्य. हे शेवटचे चित्र आता इतके रुळले आहे की त्याला संकेतचित्रच म्हटले पाहिजे.

या छायाचित्रकारांत शिक्षक आहेत, बँकेतले कारकून आहेत, औषधांचे दुकान चालवणारे आहेत, महाविद्यालयीन मुले आहेत. ही मंडळी अधूनमधून एकत्र जमतात, नव्याने काढलेली चित्रे एकमेकांना दाखवतात आणि त्यांवर बोलतात. साहित्याचे अध्यापक म्हणून अशा बैठकींना आम्ही काही वेळा उपस्थित राहिलो आहोत. प्रथमच सांगावयास हवे, की त्यांची समीक्षा आम्हाला आवडते. "क्षितिज वाकडं झालंय", "आकाश जळालंय", "डोळ्यांवर फोकस नाही, कानावर बसलाय" असे तेथे स्पष्ट सांगितले जाते आणि ऐकणाराही ते निमूट टिपून घेतो. आमच्याकडील काव्यवाचनाच्या बैठकींत इतके नेमके वाक्य वर्षभरात एकदा जरी उच्चारले गेले, तरी मराठी कवितेचे बरेच भले होईल. तेथे 'वा' आणि 'क्या बात है' यांवर सगळे भागते. असो.

या मंडळींच्या बोलण्यात एक सौंदर्यशास्त्र दडलेले आहे. दोन आकार एकमेकांना साद घालतात की नाही, उजेड आणि काळोख यांचा झगडा जमला आहे की नाही, डावीकडचा भार उजवीकडे तोलला गेला आहे की नाही, हे त्यांचे प्रश्न. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य'मध्ये संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे नियम मांडले. ते पुस्तक न वाचलेला औषधविक्रेता तेच नियम बोटाने पडद्यावर दाखवतो, याचे आम्हाला नेहमी कौतुक वाटते. तृतीयांशाचा नियमही तसाच. चौकटीचे आडवे-उभे तीन भाग कल्पावे आणि मुख्य वस्तू मध्यावर न ठेवता त्या रेषांवर ठेवावी, हा सल्ला आज मोबाइलच्या पडद्यावरच रेघा आखून दिला जातो. त्याची मांडणी मात्र जॉन टॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने 1797 साली, म्हणजे छायाचित्रणाच्या जन्मापूर्वीच, ग्रामीण दृश्यांविषयीच्या पुस्तकात केली होती. खेडे 'देखणे' कसे दिसावे याचा नियम शहरी रसिकासाठी तयार झाला, ही गोष्ट आम्हाला अगदीच योगायोगाची वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. अशाच एका बैठकीत ट्रॉलीचे एक चित्र आले. बाई, मूल, गोधड्यांचे गाठोडे, पाण्याची घागर, बांधलेली शेळी, प्रकाश अप्रतिम. डाव्या कडेला मात्र एक मोटारसायकल अर्धी आली होती आणि तिच्याशेजारी हातात वही घेतलेला एक माणूस. त्याच्या पांढऱ्या शर्टावर ऊन पडल्यामुळे नजर बाईकडून त्याच्याकडे वळत होती. एकमताने सल्ला दिला गेला: डावी कड कापा, चित्र सुधारेल. मागच्या बाकावर एक विद्यार्थी होता. त्याच्या घरचे दरवर्षी तोडीला जातात. त्याने विचारले, "सर, ह्यांनी उचल किती घेतली होती?"

कोणी म्हणाले, हा चित्राचा प्रश्न नाही. आमचे मत असे, की त्या संध्याकाळी चित्राविषयी विचारला गेलेला सर्वांत नेमका प्रश्न तोच होता.

जो कापायचा होता तो मुकादम. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरला जातो. त्या कोयत्यावर मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल मिळते आणि पुढचे सहा महिने ती उसाच्या टनांनी फेडावी लागते. एखादा दिवस काम चुकले तर खाडा, त्याची कपात वेगळी. हंगाम संपताना उचल फिटली नाही तर ती पुढच्या दसऱ्याला गळ्यात असतेच. ट्रॉली त्या रस्त्यावर का उभी आहे, याचे उत्तर त्या वहीत होते. आकृतिबंधाच्या दृष्टीने सल्ला निर्दोष होता, हे आम्ही मान्य करतो. कड कापल्यावर समतोल साधलाही असता. पण मग ती बाई प्रवासिनी झाली असती, किंवा माता, किंवा नुसती सांज.

1931 साली वाल्टर बेन्यामिनने छायाचित्रणावरील निबंधात ब्रेख्तचा एक विचार उद्धृत केला आहे. त्याचा आशय असा, की कारखान्याच्या छायाचित्रावरून त्या कारखान्यातील संबंधांविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. बेन्यामिन त्यातून चित्रओळीच्या अगत्याकडे येतो. उसाच्या फडाला हे शब्दशः लागू पडते. मोळीचे ओझे दिसते, उचलीचे दिसत नाही. कोपी दिसते, कोयत्याच्या हिशेबात बाईच्या श्रमाचा वेगळा आकडा नसतो, हे दिसत नाही. बीडमधील ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांची बातमी 2019 साली गाजली, राज्य शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्या आधीची कितीतरी वर्षे या स्त्रियांची छायाचित्रे निघतच होती. कॅमेऱ्याला ते दिसणे शक्य नव्हते. शेजारी उभे राहून विचारणाऱ्याला कदाचित कळले असते.

यावर एक उलट धोका आहे, तोही लहान नाही. चौकटीला केवळ 'आशय' हवा असे म्हटले, की करुणेचा बाजार सुरू होतो. 1876 ते 1878 च्या मद्रास दुष्काळात हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या माणसांना गटागटाने बसवून छायाचित्रे घेतली. ती आजही पाहवत नाहीत; आणि त्यांतली मांडणी, उंचीनुसार बसवलेली माणसे, पाहिली की घेणाऱ्याला चौकटीचे भान पुरेपूर होते हेही लक्षात येते. तेव्हा रूपवादी डोळा निर्दय आणि सामाजिक डोळा सदय, अशी सोपी वाटणी आम्ही करू इच्छित नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त कलाविचाराचे लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी असे दोन ध्रुव दाखवले. आपल्या विद्यार्थ्यांना ते परीक्षेपुरते पाठ असतात. डाव्या कडेला उभा असलेला मुकादम ठेवावा की कापावा, यावर एक तास वाद घालू दिला, तर ते ध्रुव त्यांना हाताला लागतील.

मोराच्या चित्रालाही समाजशास्त्र जोडा, असे आमचे म्हणणे नाही. मोर तीक्ष्ण आला की पुरे. परंतु समोर माणूस असेल, तर समीक्षेच्या शब्दसंग्रहात आणखी काही प्रश्न यावेत. तुम्ही कोठे उभे होता? तिला ठाऊक होते का? तिच्याशी बोललात का, आणि ती काय म्हणाली? पी. साईनाथ यांनी 1993 ते 2002 या काळात दहा राज्यांत ग्रामीण स्त्रियांच्या श्रमाची छायाचित्रे घेतली आणि त्यांचे प्रदर्शन मांडताना चित्रांइतकेच महत्त्व सोबतच्या मजकुराला दिले. बाई किती वेळा वाकते, किती वेळ चालते, हे तेथे वाचावे लागते. वाचल्यावर तेच चित्र पुन्हा पाहावेसे वाटते. चित्रओळ म्हणजे चित्राचा दुबळेपणा झाकणारी कुबडी, असे मानणाऱ्या हौशी मंडळींनी ते अवश्य पाहावे.

आणि चित्रओळ लिहिणे हे आमच्या, म्हणजे साहित्यवाल्यांच्या, अखत्यारीतले काम आहे. 'जगण्याची कसरत', 'संसार चाकावर' असली शीर्षके या बैठकींत सर्रास दिली जातात आणि आश्चर्य म्हणजे क्षितिजाच्या वाकडेपणावर तुटून पडणारी मंडळी या वाकडेपणाला दाद देतात. त्याऐवजी गावाचे नाव, कोणत्या कारखान्याला निघाले, किती कोयते, उचल किती, मुलाची शाळा कोणती, एवढे त्यांच्या संमतीने लिहिता येईल. विशेषण एकही लागणार नाही. बहुतेक टोळ्या उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. गाव ठाऊक असेल तर छापील प्रत त्या घरी पोहोचवताही येते, आणि चित्रातल्या बाईला आपले चित्र कसे वाटले हे त्या बैठकीत एकदा तरी ऐकायला मिळावे.