बॅरिस्टर नाथ पै : वक्तृत्वापलीकडे
नाथ पैंची ओळख केवळ अमोघ वक्तृत्वापाशी थांबवणे अन्यायाचे आहे. तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील वेंगुर्ल्यात १९२२ साली जन्मलेल्या, लंडनमध्ये बॅरिस्टर झालेल्या या समाजवादी नेत्याला राजापूरने १९५७ पासून सलग तीनदा लोकसभेत पाठवले.

१९६७ च्या गोलकनाथ निकालाने मूलभूत हक्कांचा संकोच करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला. तो परत मिळवण्यासाठी खासगी विधेयक मांडले, ते विरोधी बाकांवरच्या नाथ पैंनी! बहुमत काँग्रेसचे, हे ठाऊक असताना. लोकनियुक्त संसदच सर्वोच्च, ही निष्ठा उदात्त खरी. पण बहुमतावरचा तो विश्वास भाबडा होता.

१९७१ च्या जानेवारीत ते गेले. त्याच वर्षी चोविसाव्या घटनादुरुस्तीने संसदेला तो अधिकार दिला. १९७३ च्या केशवानंद निकालाने त्याला घटनेच्या मूलभूत चौकटीची मर्यादा घातली. ती का हवी होती, हे आणीबाणीतील बेचाळिसाव्या दुरुस्तीत वाचावे.