फवारणीपूर्वी पानावरील कोष मोजावेत

लखनौच्या चारबाग रेल्वे स्थानकावरून रायबरेली मार्गाने निघाल्यास 1952 मध्ये स्थापन झालेली भारतीय ऊस संशोधन संस्था लागते. या संस्थेच्या परिसरातील ऊसपट्ट्याला पायरिला, म्हणजेच पाकोळी, ही कीड नवी नाही. महाराष्ट्रातील ऊस उत्पादकही तिला ओळखतात. पाकोळी व तिची पिले पानांतील रस शोषतात. त्यांनी स्रवलेल्या चिकट द्रावावर काळी बुरशी वाढते, पाने काळवंडतात आणि साखरेचा उतारा घटतो.

या किडीचा प्रभावी नैसर्गिक शत्रू म्हणजे एपिरिकॅनिया मेलॅनोल्युका हा इवलासा, काळसर पतंग. पतंग म्हटला की शेतकऱ्याला खोडकिडीची आठवण होते. परंतु या पतंगाची अळी उसाला मुळीच अपाय करीत नाही. ती पाकोळीच्या अंगाला बाहेरून चिकटून तिच्यावरच पोसते आणि पूर्ण वाढ झाल्यावर पानावर पांढरा कोष विणते.

खरा प्रश्न ओळखीचा आहे. पाने काळी पडलेली दिसताच फवारणीचा सल्ला दिला जातो आणि पाकोळीबरोबर तिचा शत्रूही नष्ट होतो. पुढे पाकोळी पुन्हा वाढली, तर तिला आवरणारे शेतात कोणी उरत नाही. शेतकऱ्याच्या माथी मात्र दुसऱ्या फवारणीचा खर्च येतो. पाचट जाळल्यानेही त्यातील कोष भस्मसात होतात.

पीक डोळ्यांदेखत काळवंडत असताना थांबायचे कसे, ही शेतकऱ्याची शंका रास्त आहे. त्याचे उत्तर निष्क्रियतेत नसून निरीक्षणात आहे. शेतात ठिकठिकाणची पाने उलटून कोष व अंडीपुंज पाहावेत. ते पुरेसे असल्यास फवारणी टाळावी. कमी असल्यास हवेत आर्द्रता असताना हेक्टरी 4,000 ते 5,000 कोष किंवा 4 ते 5 लाख अंडी सोडावीत. जवळच्या शेतातील कोष असलेली पाने कापून आणून उसाच्या पानांना टाचता येतात. मित्रकीटक मुळीच नसतील आणि कीड वाढत असेल, तरच तज्ज्ञांच्या सल्ल्याने कीटकनाशकाचा विचार व्हावा.

महाराष्ट्राला हा धडा नवा नाही. 2002 मध्ये लोकरी माव्याने ऊसशेतीला हादरा दिला, तेव्हा डिफा अफिडीव्होरा या आणखी एका लहान पतंगाच्या मावाभक्षक अळीने मोलाची साथ दिली होती. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांच्या शिवारफेरीत किडींच्या नोंदीशेजारी मित्रकीटकांच्या नोंदीचाही रकाना असावा. औषधाचे नाव सुचविण्यापूर्वी तो रकाना भरलेला असणे, ही सल्ल्याची किमान अट ठरावी.